मंदाकिनीबाईंचे पाय

कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत मंदाकिनी शिधये यांना रिकामं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पोस्टात नोकरी होती तेव्हाही त्या टेकडी चढायच्या, बसपेक्षा पायीच जास्त फिरायच्या, आणि निवृत्त झाल्यावर तर त्यांना रान मोकळंच मिळालं. उजाडता उजाडता त्या टेकडीच्या वाटेला लागलेल्या असायच्या. पंजाबी ड्रेस, पायात बूट, हातात कुत्र्यांसाठी काठी. ऊन चढायच्या आत वर जाऊन खाली यायचं, येताना मेथी-चाकवताच्या जुड्या घ्यायच्या आणि दुसरा मजला तरातरा चढायचा. इमारतीला लिफ्ट नव्हती. पण असती तरी या बाई तिच्यात शिरल्या नसत्या, असं शेजारी म्हणायचे. जेवणात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. गोड सणाला, तळलेलं पाहुण्यांना. याचं त्या कुणाला प्रवचन देत नसत. पण आपण पासष्टीत न थांबता जिना चढतो आणि समोरच्या घरातल्या तिशीच्या बाईला पहिल्याच मजल्यावर धाप लागते, हे त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. थोडा तोरा होता त्यांना आपल्या पायांचा.

त्यांचे यजमान माधवराव म्हणजे अगदी दुसरं टोक. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या देवळाजवळ, त्यांचं रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. पुढे त्यात चार्जर आणि वायरी आल्या. घराच्या दारात स्कूटरवर बसायचं, ते दुकानाच्या दारात उतरायचं; आणि एकदा उंच स्टुलावर बैठक जमली की शटर ओढायलाच उठायचं. वरच्या फळीवरचं काही काढायचं झालं तर पोपट होता, दुकानातला जुना माणूस. मधल्या वेळेला गरम वडेही पोपटच आणायचा. घरी पोह्यांवर शेव, जेवताना लोणचं आणि पापड, आणि ताटात मिठाची वेगळी चिमूट, कारण बायकोच्या भाजीला ‘दवाखान्याची चव’ असायची. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली होती. ती ते डोकं दुखलं की घ्यायचे.

सकाळी मंदाकिनीबाई टेकडीवरून आल्या की माधवराव पेपरातून मान वर न करता विचारायचे, “जागेवर आहे का टेकडी? बरं झालं. मला काळजी लागून राहिली होती.”

“तुम्हीही चला एकदा. बघून या.”

“मला कशाला? तू सांगतेस त्यावर माझा विश्वास आहे.”

कधी त्या चिडायच्या. “अहो, ते लोणचं पुरे आता. वरून मीठ कशाला? रक्तदाब आहे ना आपल्याला?”

“पथ्य आजारी माणसानं पाळायचं असतं,” ते शांतपणे फोडीवर मीठ भुरभुरत म्हणायचे. “आजारी पडलो की पाळू की. आधीपासून सराव कशाला?”

चाळीस वर्षांचा संसार असा एकमेकांना चिमटे काढत सुखात चालला होता. मुलगा आमोद हिंजवडीत नोकरीला, सून सलोनीही तिथेच; दोघं वाकडला राहायची आणि रविवारी यायची. माधवरावांनी कधी बायकोला टेकडीवर जाऊ नको म्हटलं नाही, आणि मंदाकिनीबाईंनी त्यांचं लोणचं कधी खरंच बंद केलं नाही.

अशाच एका रविवारी, सगळे जेवायला बसलेले असताना, माधवरावांनी लोणच्याच्या बरणीत चमचा घातला आणि तो त्यांना बाहेर काढता येईना. ते बरणीकडे बघत राहिले. सलोनी हसली, तिला वाटलं, बाबा काहीतरी गंमत करताहेत. मंदाकिनीबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

“अहो, काय होतंय?”

त्यांनी उत्तर दिलं, पण त्या उत्तरात एकही शब्द नव्हता. नुसता आवाज होता. मग ते उजवीकडे कलंडले आणि ताटासकट खाली गेले.

जिना अरुंद, माणूस वजनदार. आमोदनं आणि शेजारच्या दोघातिघांनी त्यांना खुर्चीवर बसवून खाली आणलं. प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवावी लागत होती, आणि मंदाकिनीबाई मागून नुसत्या “सांभाळा, सांभाळा” म्हणत होत्या. हॉस्पिटलात पोचले ते वेळेत पोचले; पण रक्तदाब इतका चढला होता, की तो खाली येईपर्यंत गुठळी विरघळवणारं औषध देता येईना. आणि तो काही केल्या लवकर खाली येईना. शेवटी त्या औषधाची वेळ टळून गेली.

दोन-तीन दिवसांनी तिथल्या डॉक्टरांनी मंदाकिनीबाईंना समोर बसवलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ.

“काका आधी चालायला जायचे? काही व्यायाम?”

“नाही.”

“खाणं कसं होतं?”

“लोणचं, पापड, वरून मीठ,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. डॉक्टर समजल्या.

“हे बघा काकू, मेंदूचा जेवढा भाग गेला तो गेला. त्याच्या शेजारचा भाग हळूहळू ती कामं शिकतो. पण त्याला शिकवायचं म्हणजे शरीराला रोज राबवावं लागतं. ज्याला चालायची सवय असते, ज्याची साखर, रक्तदाब ताब्यात असतो, त्याच्या अंगात असा झटका आल्यावरही काही शिल्लक राहतं. दम राहतो, स्नायू राहतात. काकांकडे ते कमी आहे. आपण प्रयत्न करू. पण मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.”

मंदाकिनीबाईंनी मान हलवली. इतकी वर्षं त्या जे सांगत होत्या तेच डॉक्टर आता सांगत होत्या. आपलं म्हणणं खरं निघालं, याचा असा राग त्यांना कधी आला नव्हता.

माधवराव घरी आले ते उजवं अंग लुळं पडून आणि वाचा जाऊन. एकच शब्द मागे राहिला होता: ‘नको’. हवं असलं तरी नको, नको असलं तरी नको, पाणी म्हणजे नको, बायकोला हाक मारायची तरी नको. मंदाकिनीबाईंनी त्या एका शब्दाचे सगळे सूर ओळखायला शिकून घेतलं. पूर्वा नावाची फिजिओथेरपिस्ट घरी यायची. ती त्यांना पट्ट्यानं धरून उभं करायची आणि काही क्षणांतच त्यांचा श्वास भात्यासारखा चालायला लागायचा. मांड्या थरथरायच्या. “काका, अजून थोडं, शाब्बास,” ती म्हणायची. “नको,” माधवराव म्हणायचे, आणि तेवढं मात्र खरंच नको असायचं.

“काकू, पायात थोडी हालचाल येतेय त्यांच्या,” पूर्वानं एकदा जिन्यात सांगितलं. “पण मी काही करायला जाते तोवर ते थकलेले असतात. रोज थोडंसंच होतं, आणि थोडं कमी पडतं.”

काही महिन्यांनी पूर्वाचं येणं आठवड्यातून एकदावर आलं, मग तेही थांबलं.

टेकडी पहिल्याच दिवशी सुटली होती. तेव्हा मंदाकिनीबाईंना वाटलं होतं, आठवडाभराचा प्रश्न आहे. मग वाटलं, ते जरा बसायला लागले की जाईन. आमोदनं दिवसभरासाठी इंदुबाईंना ठेवलं. इंदुबाई मराठवाड्यातून पोटासाठी पुण्यात आलेल्या, वारज्याला राहायच्या, अंगानं दणकट आणि मनानं मऊ. त्या सकाळी लवकर यायच्या आणि म्हणायच्या, “काकू, तुमी या फिरून. म्या हाय की हितं. काकास्नी म्या भरवते.”

एक दिवस मंदाकिनीबाई खरंच गेल्या. परत आल्या तेव्हा माधवराव भिंतीकडे तोंड करून पडले होते, चादरीवर खीर सांडली होती आणि इंदुबाई रडवेल्या होऊन कोपऱ्यात उभ्या होत्या.

“तोंडच उगडंनात काकू. दात घट्ट आवळून धरलं. मंग रडाया लागलं.”

मंदाकिनीबाईंनी दुसरी वाटी आणली, पलंगावर बसल्या आणि चमचा पुढे केला. माधवरावांनी लगेच आ केला. खाता खाता त्यांच्या डाव्या हातानं बायकोच्या ओढणीचं टोक धरलं होतं, ते वाटी संपेपर्यंत सोडलं नाही. त्या दिवसानंतर मंदाकिनीबाईंनी बूट माळ्यावर टाकले.

पुढची तीन वर्षं त्या घराबाहेर पडल्या त्या औषधाच्या दुकानापर्यंत. माधवरावांना भरवायचं, त्यांची कूस बदलायची, पुसायचं, पुन्हा भरवायचं. उचलताना कंबर धरायची. स्वतःसाठी वेगळी भाकरी थापायचं त्राण राहायचं नाही. त्यांचा उरलेला मऊ भात, नाहीतर चहाबरोबर खारी, ओट्याशी उभ्या उभ्या. ज्वारीच्या पिठाला जाळी धरली तेव्हा ते त्यांनी टाकून दिलं, नवीन आणलं नाही. वजन वाढलं, पावलं सुजायला लागली, मधूनच छातीत पाखरू फडफडल्यासारखं व्हायचं. जागरणाचं असेल, म्हणून त्या सोडून द्यायच्या.

“आई, एकदा चेकअप करून घ्या ना,” सलोनी म्हणाली होती. “मी अपॉइंटमेंट बुक करते, कॅब पाठवते. तुम्ही फक्त बसायचं.”

“मला काय धाड भरलीये?” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “तीस वर्षं टेकडी चढलेय मी. ते काय वाया जाईल?”

हे त्या मनापासून म्हणाल्या होत्या. जे कमावलं ते आपलंच आहे, ते कुठे जातंय, असंच त्यांना वाटत होतं.

तो दिवस उन्हाळ्यातला होता. सकाळची वेळ. माधवराव हॉलमधल्या पलंगावर टेकून बसले होते. तिथून त्यांना स्वयंपाकघर दिसायचं, म्हणूनच पलंग तिथे लावला होता. इंदुबाई मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. मंदाकिनीबाई भाताचं पातेलं उतरवायला गेल्या आणि डाव्या हातातलं फडकं गळून पडलं. त्या ते उचलायला हात खाली नेऊ लागल्या. हात गेलाच नाही. त्यांनी हाताकडे पाहिलं. तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा लोंबत होता.

त्यांना त्याच क्षणी कळलं. तीन वर्षं त्या याच दुखण्याच्या उशाशी बसून होत्या. इंदुबाईंना हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, पण जीभ जड झाली होती, हाक दातांतच अडकली. डावा पाय दुमडला. त्या ओट्याच्या कडेनं घसरत खाली आल्या आणि फरशीवर आडव्या झाल्या. तिथून त्यांना माधवराव दिसत होते. माधवरावांना त्या दिसत होत्या.

“नको,” माधवराव म्हणाले.

मग ओरडले. “नको! नको! नको!”

“आले आले काका,” गॅलरीतून इंदुबाईंचा आवाज आला. “येवढी चादर वाळत घालते अन् आलेच.”

रोज दिवसातून कितीतरी वेळा त्या घरात ‘नको’चा पुकारा व्हायचा. इंदुबाईंनी तो ऐकला आणि चादर झटकायला घेतली. त्यांचा काही दोष नव्हता. मंदाकिनीबाई फरशीवर पडल्या पडल्या ऐकत होत्या. नवऱ्याचा असा सूर त्यांनी कधी ऐकला नव्हता, आणि तो सूर ओळखणारं घरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

माधवराव लाल झाले होते. त्यांनी डाव्या हातानं पलंगाजवळच्या स्टुलावरचा तांब्या ढकलला. तो घरंगळत गेला. गॅलरीतून, “सांडलं का पानी? असू द्या, पुसते,” एवढंच आलं. मग माधवरावांनी जे केलं ते त्यांनी तीन वर्षांत कधी केलं नव्हतं. पूर्वानं कितीदा सांगूनही केलं नव्हतं. डाव्या हातानं पलंगाची कड धरली, अंगाला हिसका दिला, आणखी एक दिला, आणि तो सगळा जड देह पलंगावरून खाली टाकून दिला.

त्या दणक्यानं मात्र इंदुबाई धावत आल्या. माधवराव पालथे पडले होते, भुवई फुटून रक्त येत होतं. त्या त्यांना उचलायला वाकल्या, तर ते डाव्या हातानं त्यांना दूर लोटायला लागले आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवायला लागले. इंदुबाईंनी तिकडे पाहिलं.

“आगं माय!”

पुढचं त्या बाईनं झटपट केलं. दार उघडून जिन्यात ओरडल्या, शेजाऱ्यांना गोळा केलं, आमोदला फोन लावला, रुग्णवाहिका बोलावली. मंदाकिनीबाईंना खाली नेताना त्यांनी एकदाच मान वळवली. माधवराव तसेच फरशीवर होते. त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

या वेळी औषध वेळेत मिळालं. गुठळी विरघळली, पण सगळी हानी टळली नाही. डॉक्टर त्याच होत्या. त्यांनी मंदाकिनीबाईंना ओळखलं; टेकडीचं आमोदनं मागच्या वेळी त्यांना सांगितलं होतं.

“तुम्ही तर रोज टेकडीवर जायचात ना?” त्यांनी विचारलं.

“जायचे.” मंदाकिनीबाईंचा उच्चार अजून बोबडा होता. “हे पडले... तेव्हापासून... नाही.”

हृदयाचे ठोके अनियमित पडतात, असं तपासणीत निघालं. रक्तदाबही होता, कधीपासून ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमोदनं बाहेर डॉक्टरांना गाठून विचारलं, की आई एवढी फिट होती, तिलाच असं का व्हावं. डॉक्टर म्हणाल्या, की ठोक्यांचा हा दोष चालणाऱ्यालाही होतो. तो वेळीच कळला असता, तर औषध सुरू करता आलं असतं. “आणि ही मधली तीन वर्षं त्यांनी स्वतःकडे पाहिलं असतं, तर कदाचित झटका हलका आला असता. कदाचित. पण त्यांचं आधीचं चालणं अगदी फुकट गेलेलं नाही. बघालच तुम्ही.”

आणि तसंच झालं. पूर्वा हॉस्पिटलात आली. तिनं मंदाकिनीबाईंना पट्ट्यानं धरून उभं केलं, आणि त्या उभ्या राहिल्या. श्वास नीट, उजवा पाय भक्कम. डाव्या पायाला त्यांनी मनातून हुकूम दिला, तेव्हा तो फरफटत का होईना, पुढे आला.

“काकू!” पूर्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. “हे पाय अजून विसरलेले नाहीत हो. मला यांना नव्यानं शिकवायचंच नाहीये, नुसती आठवण करून द्यायचीये.”

मंदाकिनीबाईंनी विचारलं, “हे कुठे आहेत?”

या प्रश्नाला सगळे बगल देत होते. शेवटी सलोनीनं सांगितलं. माधवरावांना वारज्याच्या पुढे एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं होतं. दुसरा इलाज नव्हता. आमोद आणि ती नोकरी सांभाळून हॉस्पिटलात धावत होती, घरी रात्री बघायला कुणी नव्हतं, आणि इंदुबाईंच्या हातचं ते खात नव्हते. “तिथे नर्सेस आहेत आई, चोवीस तास. काळजी करू नका.”

“खाताहेत?”

सलोनीनं त्यांचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, “नळी घातलीये.”

त्यानंतर मंदाकिनीबाईंनी व्यायामाचा असा ध्यास घेतला, की पूर्वालाच त्यांना आवरावं लागे. सांगितलं असेल त्याच्या दुप्पट करायच्या. भिंतीला धरून, खुर्चीला धरून, पुढे नुसत्या काठीवर. पलंगावर पडल्या पडल्या पाय उचलायच्या. ताटात येईल ते पथ्याचं, आळणी, काही न बोलता संपवायच्या. वॉर्डातल्या बाकीच्या पेशंटांना नर्स त्यांचं उदाहरण द्यायच्या. भेटायला आलेले नातेवाईक म्हणायचे, की याला म्हणतात इच्छाशक्ती, आधीची सवय कशी कामाला आली बघा. मंदाकिनीबाईंना घाई झाली होती, एवढंच. तिकडे तो माणूस दात आवळून बसला होता.

पाय आला. हात मात्र आला नाही. डाव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. पूर्वानं सगळे उपाय केले, पण बोटं काही सुटी होईनात. तो हात आता भाकरी थापण्याच्या, वेणी घालण्याच्या कामाचा राहिला नव्हता.

घरी सोडलं त्याच दिवशी त्यांनी आमोदला गाडी वारज्याकडे वळवायला लावली. केंद्रात एका लांब खोलीत ओळीनं पलंग होते. काठी टेकत त्या एकेका पलंगाशी थांबत पुढे गेल्या, आणि माधवरावांच्या पलंगावरूनच पुढे निघाल्या; आमोदनं दंड धरून मागे वळवलं. तो वजनदार माणूस कुठल्याकुठे गेला होता. गालफडं बसली होती, नाकातून नळी होती, ती उपसू नये म्हणून चांगला हात पलंगाला बांधला होता.

“अहो,” त्या म्हणाल्या.

माधवरावांनी डोळे उघडले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, मिटलेल्या हाताकडे पाहिलं.

“नको,” ते म्हणाले, इतक्या हळू, की तो शब्द कुणासाठी होता ते आमोदला कळलं नाही. मंदाकिनीबाईंना कळलं. त्यांनी आमोदला हाताची पट्टी सोडायला सांगितलं.

डॉक्टरांना विचारून, नळी काढून, त्यांनी थोडं थोडं भरवून पाहिलं. उजव्या हातात चमचा, वाटी सलोनीनं धरलेली. माधवरावांनी आ केला. आमोदनं फोनवर ते टिपलं आणि नातेवाइकांना पाठवलं. सगळ्यांनी शाबासकी दिली. परतताना गाडीत तो म्हणाला, “आई, तुझी रिकव्हरी खरंच अमेझिंग आहे. मग बाबांना घरी कधी न्यायचं?”

सलोनीनं त्याच्याकडे वळून पाहिलं. मंदाकिनीबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“या आठवड्यात ने,” त्या म्हणाल्या.

माधवराव घरी आले आणि पुन्हा तेच सुरू झालं. फक्त उचलायचं काम आता सगळं इंदुबाईंकडे होतं आणि मंदाकिनीबाई एका हातानं भरवत होत्या. इंदुबाईंनी बाजारातून ज्वारीचं पीठ आणलं आणि दोघींपुरत्या भाकऱ्या थापायला सुरुवात केली. पूर्वानं बजावलं होतं, म्हणून मंदाकिनीबाई रोज सकाळी दारासमोरच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारायच्या. दार उघडं ठेवून, माधवरावांना दिसेल अशा. नजरेआड झाल्या की आतून पुकारा यायचा.

हे फार दिवस चाललं नाही. मधल्या काळात माधवरावांची ताकद गेली ती गेलीच होती. गिळताना ठसका लागायचा. एकदा घास श्वासनळीत उतरला आणि छाती भरली. हॉस्पिटलात नेलं, सगळं केलं. दिवाळी तोंडावर असताना एका दुपारी ते गेले. मंदाकिनीबाई शेजारीच होत्या. त्यांच्या हातातल्या चमच्यात तेव्हा साधं पाणी होतं.

दुकान पोपटनं काही दिवस चालवलं, मग ते बंद झालं. आमोद आणि सलोनी आईला वाकडला घेऊन गेली. तिथे लिफ्ट होती, बाग होती, बागेत चालायला सपाट वाट होती. मंदाकिनीबाई रोज चालतात. डावं पाऊल फरशीला घासतं, त्याचा आवाज येतो, पण चालतात. म्हातारी माणसं कौतुक करतात, की शिधयेबाई किती छान सावरल्या. त्यावर त्या फक्त मान डोलावतात.

रोज संध्याकाळी सलोनी ऑफिसातून आली की त्यांच्या मिटलेल्या मुठीला तेल लावते आणि एकेक बोट हलक्या हातानं उघडते. एकदा ते करता करता तिनं विचारलं, “आई, तेव्हा तुम्ही टेकडी सोडली नसती तर?”

मंदाकिनीबाईंनी विचार केला. “तर हे उपाशी राहिले असते.”

“आणि तुम्ही?”

“मी धडधाकट राहिले असते. आणि वर उभी राहून रोज यांच्या उपाशी तोंडाचा विचार केला असता. त्याला फिरायला जाणं म्हणत नाहीत.”

सलोनी करंगळीशी आली होती. ते बोट सगळ्यात हट्टी होतं. मंदाकिनीबाईच पुढे म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला, अगदी पूर्वीच्या माधवरावांसारखा.

“पण तुझ्यावर कधी अशी वेळ आली ना, तर माझं बघून काही करू नकोस. आमोदनं तोंड मिटलं तर मिटू दे. एका जेवणानं कुणी मरत नाही. तू आपली फिरून ये.”

“आई!”

“खरं तेच सांगतेय. मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, ते सोड.”

सलोनीनं करंगळी सरळ केली आणि उघडलेला तळवा स्वतःच्या दोन्ही हातांत धरून ठेवला. असा धरला की तो बराच वेळ उघडा राहतो. सोडला की बोटं हळूहळू आत वळायला लागतात, आणि सकाळपर्यंत मूठ पुन्हा घट्ट मिटलेली असते.